दरवाजा उघडण्याचा अधिकार

शहराच्या सुरक्षिततेचा विचार करू लागले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उपकरणे उभी राहतात: पर्जन्यमापक, भूकंपलेखक, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पाणीपातळीच्या खुणा, आणि अलीकडच्या काळात उपग्रहांनी पाठवलेली ढगांची चित्रे. ही उपकरणे जितकी सूक्ष्म आणि जितकी विपुल तितके शहर निर्धास्त, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. परंतु एकविसाव्या शतकात चेन्नईवर जी संकटे कोसळली त्यांचा वृत्तान्त बारकाईने वाचणाऱ्याला असे आढळून येते की, आकडा हाती नसल्यामुळे जितके नुकसान झाले त्याहून कितीतरी अधिक नुकसान हाती असलेल्या आकड्याचे वेळीच हुकमात रूपांतर न झाल्यामुळे झाले. निरीक्षण करणारा, निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा ह्या तीन निरनिराळ्या व्यक्ती असतात, आणि त्यांच्यामधले अंतर काटणे हेच धोका-व्यवस्थापनाचे खरे कार्य होय.

दोन भयांमधले शहर

मुंबई-पुण्याच्या वाचकाला चेन्नईच्या पावसाची रीत प्रथमदर्शनी उफराटी वाटते. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात नद्या दुथडी वाहतात तेव्हा ते शहर उकाड्याने तापलेले असते. आणि आपल्याकडे दिवाळीचे आकाश निरभ्र होते त्याच सुमारास तेथे ईशान्य मोसमी वारे पाऊस घेऊन येतात. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १,४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत, आणि तोही बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर किंवा चक्रीवादळांबरोबर, मोजक्या दिवसांत कोसळतो. भूमी सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. कोसस्थलैयार, कूवम आणि अड्यार ह्या तीन नद्या मंदगती. आणि त्यांना आडवा छेदून जाणारा बकिंगहॅम कालवा १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून पुढे नेलेला. ज्या गव्हर्नराचे नाव त्या कालव्याला मिळाले त्याच्याच कारकीर्दीत मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे अन्नान्न करून मेली, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे ह्या शहराच्या स्मृतीत पाण्याच्या अभावाचे भय किती खोल रुजलेले आहे ह्याची कल्पना येते.

ह्या भयापोटीच शहराने तलाव बांधले, जुने तलाव वाढवले आणि दूरदूरच्या नद्यांकडे मागणी केली. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम ही चार नावे चेन्नईच्या वृत्तपत्रांत खडकवासल्याच्या किंवा भातशाच्या पाणीसाठ्याप्रमाणे नित्य छापली जातात. इतकेच नव्हे, तर १९७६ साली झालेल्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ह्या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराला देण्याचे मान्य केले, आणि पुढे तेलुगू गंगा ह्या नावाने झालेल्या योजनेतून ते पाणी कालव्याने पूंडीच्या जलाशयापर्यंत आणण्यात आले. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचा हिस्सा अशा रीतीने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नळांना येतो. ज्या नगराला एक एक घागर इतक्या सायासाने मिळवावी लागते, त्याच्या अंमलदारांना भरलेला तलाव रिकामा करणे किती जड जात असेल हे सांगावयास नको. पुढील सर्व हकीकतीचे मूळ ह्या मनःस्थितीत आहे.

नोंदीची परंपरा

चेन्नईत नोंदी ठेवणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १७९२ साली, नुंगमबाक्कम येथे वेधशाळा उभी राहिली. आकाशातील ताऱ्यांबरोबर हवेचा दाब, तापमान आणि पाऊस ह्यांची टिपणे तेथे होऊ लागली, आणि पावसाचे आकडे १८१३ पासून उपलब्ध आहेत. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, म्हणजे त्या खात्याच्या जन्मापूर्वी साठ वर्षांहून अधिक काळ हे शहर आपला पाऊस मोजीत होते. महानगरपालिका तर १६८८ ची. देशातील सर्वांत जुनी. अशा शहरात आकडे मिळत नाहीत अशी तक्रार करण्यास जागा नाही.

परंतु नोंद आणि इशारा ह्या एक गोष्टी नव्हेत. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला, आणि चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाटा आल्या त्या नऊच्या आसपास. मधल्या अडीच तासांत जगातील अनेक भूकंपलेखकांनी तो धक्का टिपला होता, आणि कार निकोबार येथील वायुदलाचा तळ पाण्याखाली जात असल्याचा संदेशही मुख्य भूमीकडे निघाला होता. हवामान खात्याकडून दिल्लीस गेलेले एक टिपण विद्यमान मंत्र्याऐवजी माजी मंत्र्याच्या निवासस्थानी पोहोचल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. किनाऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना आणि जाळी सुकवणाऱ्या कोळ्यांना मात्र ह्यांतले काहीच कळले नाही, कारण असा संदेश आला तर तो कोणी, कोणास, कोणत्या मार्गाने कळवावा ह्याची तजवीजच अस्तित्वात नव्हती. पुढे २००७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्रात त्सुनामी-इशारा केंद्र सुरू झाले. समुद्रतळावरचे दाबमापक बसवले गेले हा त्या केंद्राचा एक भाग. परंतु कोणत्या पातळीच्या इशाऱ्यावर कोणत्या जिल्हाधिकाऱ्याने काय करावयाचे हे आगाऊ लिहून ठेवले गेले, हा त्याहून मोलाचा भाग होय.

चेंबरंबाक्कमचा दरवाजा

आता २०१५ कडे वळू. चेंबरंबाक्कम हा शहराच्या नैर्ऋत्येस असलेला पुरातन तलाव. त्याची पूर्ण पातळी २४ फूट, साठवणक्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट, आणि त्याच्या सांडव्याचे पाणी अड्यार नदीत जाते. ही नदी सैदापेठ आणि कोट्टूरपुरम ह्यांसारख्या दाट वस्तीच्या भागांतून समुद्राला मिळते. विमानतळाच्या धावपट्टीचा काही भाग तर ह्याच नदीवर पूल टाकून बांधलेला आहे. तलाव शहराला पाणी पाजण्यासाठी, आणि पुराच्या वेळी पाणी अडवून धरणे हे त्याचे आनुषंगिक कार्य. ह्या दोन उद्दिष्टांत मुळातच विरोध आहे. तहान भागवण्यासाठी तलाव भरलेला हवा, पूर थोपवण्यासाठी तो रिकामा हवा. आणि एकाच भांड्याकडून ह्या दोन्ही अपेक्षा ठेवणाऱ्याने कोणत्या तारखेस कोणती अपेक्षा वरचढ मानावयाची हे ठरवून ठेवले पाहिजे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शहरात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. वर्षभराच्या सरासरीचा मोठा हिस्सा एका महिन्यात. जमीन तृप्त, अड्यारच्या पाणलोटातील लहान तलाव तुडुंब, आणि चेंबरंबाक्कम भरत आलेला. हवामान खात्याने आणखी मुसळधार पावसाचे भाकीत केले होते. १ डिसेंबर रोजी तो पाऊस आला. तांबरम आणि चेंबरंबाक्कम येथे चोवीस तासांत ४७० मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. तोपर्यंत मोजका असलेला तलावाचा विसर्ग त्या दिवशी वाढवत वाढवत २९,००० क्युसेकपर्यंत नेण्यात आला. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर. तेव्हा सेकंदास आठ लाख लिटरहून अधिक पाणी एकट्या त्या तलावातून, आणि त्याखेरीज इतर ओसंडलेल्या तलावांचे पाणी, रात्रीच्या अंधारात अशा नदीत आले की जिचे पात्र वर्षानुवर्षांच्या बांधकामांनी आणि भरावांनी आकसलेले होते.

परिणाम सर्वश्रुत आहेत. विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. १८७८ पासून अखंड निघत आलेले ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र २ डिसेंबरला शहरात छापून निघू शकले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्या मोसमातील पावसाने राज्यभर चारशेहून अधिक माणसे दगावली. लोकांमध्ये प्रवाद उठला तो असा की, पाऊस येणार हे ठाऊक असूनही वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहत दरवाजे बंद ठेवले गेले. राज्यशासनाने तो नाकारला. विसर्ग नियमपुस्तिकेप्रमाणेच झाला आणि पाऊसच अभूतपूर्व होता, असे त्याचे म्हणणे. २०१८ साली विधानसभेपुढे आलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मात्र ह्या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. त्यातील आक्षेप लोकप्रवादाहून निराळा होता: तलावात अजून साठवणीस वाव असताना येणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी दीर्घकाळ सोडले गेले, असे लेखापरीक्षकांनी दाखवले. म्हणजे एका पक्षाच्या मते दरवाजे फार उशिरा उघडले, दुसऱ्याच्या मते ऐनवेळी फार उघडले. ह्या दोन आरोपांत वरकरणी विसंगती दिसली तरी तात्पर्य एकच आहे. पुढच्या बारा तासांत तलावात किती पाणी येईल ह्याचा अंदाज बांधून त्यानुसार विसर्ग ठरवण्याची यंत्रणा हाती नव्हती, आणि समोरची पातळी पाहूनच जो तो हुकूम निघत होता. पातळी पाहून दरवाजा चालवणारा माणूस पावसाच्या मागून धावतो. त्याला पावसाच्या पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकास हा वाद परका वाटू नये. २०१९ च्या ऑगस्टात सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा कोयनेच्या आणि अलमट्टीच्या विसर्गाबद्दल हेच प्रश्न विचारले गेले, आणि त्यांच्या चौकशीसाठी नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले त्या सकाळची पुण्याची स्थिती आठवणारी माणसे आजही सांगतात की, पाण्यापेक्षा बातमीच्या अनिश्चिततेने अधिक घात केला.

एकाच कारणाने सर्व कुलपे उघडणे

धोक्याच्या शास्त्रात असा एक सिद्धान्त आहे की, एकाच्या मागे एक अशा अनेक संरक्षक तरतुदी ठेवाव्यात, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरी उभी राहते. परंतु ह्या तरतुदी एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असतील तरच हिशेब जुळतो. २०१५ च्या पुरात अड्यारच्या काठी असलेल्या एका मोठ्या रुग्णालयाचा शहरी वीजपुरवठा तुटला. त्यासाठीच ठेवलेली जनित्रे त्याच पाण्यात बुडाली. आणि अतिदक्षता विभागातील अनेक रुग्ण त्या दिवसांत मरण पावले. कागदावर दोन तरतुदी होत्या, प्रत्यक्षात एकच; कारण दोहोंचा शत्रू एक होता आणि दोन्ही त्याच्या टप्प्यात होत्या.

ह्याच्या उलट उदाहरण शहराच्या दक्षिणेस साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. २००४ च्या लाटेने कल्पाक्कमच्या अणुविद्युत केंद्राच्या पंपगृहात समुद्राचे पाणी शिरले तेव्हा चालू असलेली अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली आणि किरणोत्सर्गाची बाधा झाली नाही. महत्त्वाची यंत्रसामग्री उंचावर असल्याने तिला धक्का लागला नाही. सव्वासहा वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानातील फुकुशिमा येथे मात्र तळघरांत ठेवलेली जनित्रे त्सुनामीच्या पाण्याने बंद पडली आणि जगाने त्याचे परिणाम पाहिले. म्हणजे जनित्र कोठे ठेवावे हा धडा कल्पाक्कमने दिला, फुकुशिमाने अधोरेखित केला, आणि तरीही तो चेन्नईतल्याच एका रुग्णालयापर्यंत पोहोचला नव्हता. अणुऊर्जेचे खाते, आरोग्याचे खाते आणि इमारतींना परवाने देणारी कचेरी ह्यांची दप्तरे वेगळी असतात. एका दप्तरातले शहाणपण दुसऱ्यात आपोआप झिरपत नाही. आपत्तीनंतरचे अहवाल ज्या खात्याने लिहिले त्याच्याच कपाटात राहिले तर त्यांचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो.

दुसरे भय परत येते

२०१५ च्या अनुभवाने सावध झालेल्या शहराला चार वर्षांतच उलट बाजूचा अनुभव आला. २०१८ चा ईशान्य मोसमी पाऊस तुटपुंजा झाला आणि २०१९ च्या जूनमध्ये चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून विल्लिवाक्कमला रेल्वेच्या ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी आणण्यास प्रारंभ झाला. तीन वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला असेच पाणी नेण्यात आले होते. ज्या चेंबरंबाक्कमच्या पाण्याने घरे बुडवली त्याच्या तळाला भेगा पडलेल्या लोकांनी पाहिल्या.

ह्या दोन वर्षांची जोडी धोका-व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने एकत्रच वाचली पाहिजे. समजा, एखाद्या अभियंत्याने पुराच्या भयाने नोव्हेंबरात तलाव चार फूट उतरवला आणि त्यानंतर पाऊस फिरकलाच नाही, तर पुढच्या जूनमध्ये त्याच्यावर कोणता आरोप येईल? शहराचे पाणी समुद्रात ओतल्याचा. आणि त्याने तो भरलेला ठेवला आणि ढगफुटी झाली तर? शहर बुडवल्याचा. ज्याला दोन्हीकडून दोष येणार तो मनुष्य स्वाभाविकपणे काहीच न करण्याचा मार्ग पत्करतो, किंवा निर्णयाचा कागद वर पाठवून उत्तराची वाट पाहतो. कारण न केलेल्या कृतीची चौकशी केलेल्या कृतीच्या चौकशीपेक्षा सौम्य असते, हे प्रत्येक सरकारी नोकर पहिल्या पाच वर्षांत शिकतो. हा त्या व्यक्तीच्या भित्रेपणाचा प्रश्न नाही. संस्थेने आपला धोका एका माणसाच्या सहीवर लादला, हा त्यातला दोष आहे.

सुधारणा आणि तिच्या मर्यादा

त्यानंतर काही गोष्टी निश्चित बदलल्या. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने चेन्नईसाठी पूर-अंदाजाची प्रणाली तयार केली. पाऊस, नदी आणि भरती-ओहोटी ह्यांचे गणित एकत्र मांडून कोणत्या भागात किती पाणी चढेल हे ती आगाऊ सांगू पाहते, आणि मुंबईसाठी २०२० साली तशीच प्रणाली सुरू झाली. पावसाळ्यात चेंबरंबाक्कम काठोकाठ भरू न देता वरचे एकदोन फूट मोकळे ठेवण्याची आणि पाणी आधीपासून थोडे थोडे सोडण्याची रीत पडली. २०२१ च्या धरणसुरक्षा अधिनियमाने मोठ्या धरणांच्या मालकांवर आणीबाणीचा कृती-आराखडा तयार ठेवण्याची सक्ती केली. आता खालच्या अंगाच्या वस्तीला कोणी, किती तास आधी, कोणत्या साधनाने कळवावयाचे हे कायद्याच्या भाषेत विचारता येते.

तथापि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आले तेव्हा तलावांचे विसर्ग पूर्वीपेक्षा शहाणपणाने हाताळले जाऊनही वेळचेरी, पळ्ळिकरणै, मुडिच्चूर हे भाग कित्येक दिवस पाण्यात राहिले. पळ्ळिकरणैची पाणथळ शतकानुशतके दक्षिणेकडच्या पाण्याला आसरा देत आली. तिच्यावर वसाहती, रस्ते आणि कचऱ्याचा डेपो उभे राहिल्यावर पाणी तेथील घरांच्या तळमजल्यांत शिरले. उत्तरेकडे मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून पुराबरोबर तेल वाहत एन्नोरच्या खाडीत पसरले, कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झाली, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली. नैसर्गिक संकट औद्योगिक संकटाला जन्म देते तेव्हा त्या दोहोंवर देखरेख करणारी खाती निरनिराळी असल्याने दुसऱ्याचा विचार कोणाच्याच आराखड्यात नसतो. संस्था बहुधा मागच्या संकटावर पहारा ठेवतात. त्सुनामीनंतर समुद्राकडे, २०१५ नंतर तलावाकडे, २०१९ नंतर विहिरींकडे शहराचे लक्ष गेले. प्रत्येक वेळी ते आवश्यक होते, परंतु पुरेसे कधीच नव्हते.

निर्णयाचा भार कोणी वाहावा

मग पुरेसे काय? माझ्या मते उत्तर उपकरणांत नाही, ते अधिकाराच्या वाटणीत आहे. शांत ऋतूमध्ये, एप्रिल-मे महिन्यांत, पाटबंधारे, पाणीपुरवठा, महानगरपालिका, आरोग्य आणि पोलीस ह्या खात्यांनी एकत्र बसून असा नियम लिहावा की अमुक तारखेपासून तलाव अमुक फुटांपलीकडे भरावयाचा नाही. अंदाज अमुक मर्यादेपलीकडे गेला की जागेवरच्या अभियंत्याने कोणालाही न विचारता विसर्ग सुरू करावा. आणि त्याने ते केल्यावर पाऊस आला नाही तरी त्याच्याकडे खुलासा मागू नये. नियम पाळणाऱ्याचे नुकसान सोसण्याची जबाबदारी नियम लिहिणाऱ्यांनी आपल्या सह्यांनी स्वीकारावी, आणि तो दस्तऐवज सर्वसामान्य नागरिकास वाचावयास मोकळा असावा, म्हणजे ज्याच्या घराच्या उंबऱ्यावर पाणी येणार त्यालाही आपला वाटा आगाऊ समजेल.

अशी व्यवस्था अशक्य कोटीतली नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. हैदराबादच्या केंद्राने इशारा दिला, चेन्नई बंदराचे काम थांबले, मरीना रिकामी करण्यात आली. आणि विध्वंसक लाट आली नाही, कारण त्या भूकंपात समुद्रतळ वरखाली होण्याऐवजी प्रामुख्याने आडवा सरकला होता. काही तासांत इशारा मागे घेतला गेला. फुकट गेलेल्या त्या दुपारबद्दल कोणत्याही शास्त्रज्ञास किंवा जिल्हाधिकाऱ्यास जाब द्यावा लागला नाही, कारण अशा वेळी असेच करावयाचे हे पाच वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते. तलावाच्या दरवाजाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला हीच मुभा जोपर्यंत मिळत नाही, तोपर्यंत नवी उपकरणे त्याला संकट अधिक लवकर दाखवतील, पण टाळू देणार नाहीत.